न्यायाचे साथी आणि उशिरा जन्मलेले : ‘काँक्रीट रेव्होलुतिओ’चे एक वाचन

१

सदोष कलाकृतीशी कसे वागावे, हा समीक्षेपुढचा जुना प्रश्न आहे. निर्दोष कृती क्वचितच हाती लागते, आणि लागली तरी पुष्कळदा तिच्या नेटकेपणाचे कौतुक करून आपण तिला विसरतो. उलट काही कृतींच्या उणिवांची यादी आपल्याला तोंडपाठ असते, तरीही त्या मनातून जात नाहीत. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त या प्रश्नाला एक उपयुक्त वळण दिले. कानाला कठोर लागणारी शब्दरचना शृंगारात त्याज्य ठरते, पण रौद्रात तीच खपते, किंबहुना शोभते. म्हणून अशा दोषांना त्याने ‘अनित्य’ म्हटले. पुढे आपल्या अलंकारशास्त्रात नित्यदोष आणि अनित्यदोष असा भेद रूढ झाला. काही दोष कुठेही दोषच असतात. काही दोषांचे दोषत्व मात्र ती कृती काय करू पाहते आहे यावर अवलंबून असते.

हा भेद हाताशी धरून आम्ही एका जपानी अ‍ॅनिमे मालिकेकडे पाहणार आहोत. तिचे नाव ‘काँक्रीट रेव्होलुतिओ : चोजिन गेन्सो’. दिग्दर्शक सेइजी मिझुशिमा, मूळ कल्पना आणि पटकथेची एकूण रचना शो आइकावा यांची, निर्मिती बोन्स या स्टुडिओची. २०१५च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये १३ भाग प्रसारित झाले आणि २०१६च्या एप्रिल ते जूनमध्ये ‘द लास्ट साँग’ या उपशीर्षकाने उरलेले ११. मिझुशिमा आणि आइकावा या जोडीने २००३ साली ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ केली होती, आणि ती जगभर पाहिली गेली. या मालिकेच्या वाट्याला तसे काही आले नाही. योगायोग असा की, २०१६च्या त्याच एप्रिलमध्ये बोन्सचीच दुसरी सुपरहिरो मालिका, ‘माय हीरो अकॅडेमिया’, सुरू झाली. तिच्यातही सुपरहिरोंनी गजबजलेले जग आहे, सरकारी परवाने आहेत, नायकाचा आदर्श असलेला एक वडीलधारा वीर आहे. ती सरळ रेषेत चालते, प्रेक्षकाचा हात सोडत नाही, आणि तिने जग जिंकले. ‘काँक्रीट रेव्होलुतिओ’ प्रेक्षकाचा हात पहिल्याच भागात सोडते.

या मालिकेत इतिहासलेखनाचा एक प्रश्न आहे आणि तो तिच्या दोषांमधूनच व्यक्त होतो, असे आम्हांला वाटते. म्हणून तिचे दोष झाकण्यापेक्षा ते उलगडून पाहणे अधिक फलदायी ठरेल.

२

कथेचा सांगाडा थोडक्यात असा. दुसऱ्या महायुद्धानंतरचा जपान. पण या जपानात पडद्यावरचे आणि चित्रकथांतले सारे वीर खरोखर वावरतात. परग्रहावरून आलेले महाकाय योद्धे, जादूच्या राज्यातून आलेली मुलगी, कधीच मोठे न होणारे बालभूत, यांत्रिक देहाचा पोलीस अधिकारी, काळातून प्रवास करणारे हेर आणि अर्थातच ‘कायजू’, म्हणजे शहरे तुडवणारे प्रचंड पशू. या साऱ्यांना मालिका एकच शब्द वापरते : ‘चोजिन’. नीत्शेच्या संकल्पनेसाठी जपानीत हाच शब्द आहे. मराठीत आपण ‘अतिमानव’ म्हणतो, आणि सुदैवाने आपल्या शब्दातही तोच दुहेरी ध्वनी आहे. अतिमानवांना शोधणे, त्यांची नोंद ठेवणे, त्यांना संरक्षण देणे आणि गरज पडल्यास त्यांना आवरणे, यासाठी सरकारचा एक गुप्त विभाग आहे. बाहेरून तो जाहिरात कंपनीच्या आडोशाने चालतो. जिरो हितोयोशी हा तरुण त्या विभागात काम करतो. पुढे तो विभाग सोडतो, आणि कालचे सहकारी त्याचे पाठलागकर्ते होतात.

हे ‘पुढे’ मात्र आम्ही घातलेले आहे. मालिकेत घटना या क्रमाने येत नाहीत. पडद्यावर कोरडी तारीख उमटते : शिन्का ४१, अमुक महिना. दृश्य रंगात येते न येते तोच शिन्का ४६. मघाशी ज्यांची ओळख होत होती ती माणसे आता एकमेकांवर चाल करून जातात, आणि मधल्या पाच वर्षांत काय घडले ते कुणी सांगत नाही. पहिल्याच भागात जादूगार किक्को आणि जिरो यांची भेट होते आणि त्याच भागात त्यांची ताटातूटही झालेली असते. बिचारा प्रेक्षक कागद-पेन्सिल घेऊन बसतो. या मालिकेवरचा पहिला आणि सर्वांत वारंवार घेतला गेलेला आक्षेप हाच आहे, आणि तो खोटा नाही.

‘शिन्का’ हे त्या काल्पनिक जपानचे कालगणनेचे नाव. खऱ्या जपानात वर्षे सम्राटाच्या राजवटीवरून मोजली जातात. १९२६ ते १९८९ हा शोवा कालखंड. शिन्का त्याला समांतर चालते, म्हणजे शिन्का ४१ हे आपले १९६६. ज्या चित्रलिपीत हा शब्द लिहिला आहे तिचा अर्थ ‘देवत्व पावणे’. उच्चार मात्र ‘उत्क्रांती’ या शब्दासारखाच. इतिहास जाणणाऱ्या वाचकाला यातली बोच लगेच जाणवेल. १ जानेवारी १९४६ रोजी, पराभवानंतरच्या पहिल्याच नववर्षदिनी, सम्राट हिरोहितोने आपल्या देवत्वाची कल्पना जाहीरपणे नाकारली होती. म्हणजे ज्या युगात देव माणूस झाला, त्या युगाचे मालिकेने ठेवलेले नाव ‘देवत्वप्राप्ती’. सिंहासनावरून उतरलेले देवत्व कुठे गेले? ते मुलांच्या चित्रकथांत आणि घरोघरी नव्याने येऊ लागलेल्या दूरचित्रवाणी संचांत जाऊन राहिले, असे मालिकेचे न बोललेले उत्तर आहे.

शीर्षकातही असाच खेळ आहे. ‘काँक्रीट’ म्हणजे टोकियो ज्यातून नव्याने उभे राहिले ते. ‘रेव्होलुतिओ’ हे ‘रेव्होल्यूशन’चे लॅटिन रूप. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ फिरून माघारी येणे, परिभ्रमण. क्रांती हा अर्थ त्याला नंतर चिकटला. तेव्हा कालानुक्रम मोडून पुनःपुन्हा त्याच वर्षांपाशी फिरून येणारी ही रचना शीर्षकातच सांगितलेली आहे. तिने काय साधते, हे ठरवण्याआधी मालिका ज्या वीरांवर उभी आहे त्यांचा पूर्वेतिहास पाहणे आवश्यक आहे.

३

जपानी दूरचित्रवाणीवर मुलांना पहिल्यांदा वेड लावणारा वीर म्हणजे ‘गेक्को कामेन’, चंद्रप्रकाशाचा मुखवटा. फेब्रुवारी १९५८मध्ये तो अवतरला : पांढरा फेटा, काळा चष्मा, मोटारसायकल. त्याचे जनक कोहान कावाउची यांना हे नाव सुचले ते गेक्को बोसात्सु या बोधिसत्त्वावरून. हा बोधिसत्त्व आपल्याकडचाच, संस्कृत परंपरेतला चंद्रप्रभ. भैषज्यगुरू बुद्धाच्या बाजूला उभा राहणारा. नारा येथील याकुशी-जी मंदिरात ही त्रिमूर्ती आजही पाहता येते. कावाउचींचा विचार असा की, चंद्रप्रभ जसा बुद्ध नव्हे, बुद्धाचा सहायक, तसा हा वीर म्हणजे न्याय नव्हे. तो न्यायाचा साथीदार. ‘सेइगी नो मिकाता’ हा शब्दप्रयोग जपानी मुलांच्या दोन पिढ्यांच्या तोंडी बसला तो या वीरामुळे. त्यातली नम्रता लक्षात घ्यावी. न्याय कुणाच्या मालकीचा नसतो. फार तर त्याच्या बाजूला उभे राहता येते.

पुढची नावे झपाट्याने येतात. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामु तेझुका यांचा ‘तेत्सुवान आतोमु’, ज्याला जग ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ म्हणून ओळखते. १९६५त ‘ओबाके नो क्यू-तारो’ हे लाडके भूत. १७ जुलै १९६६ पासून ‘अल्ट्रामॅन’. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘माहोत्सुकाइ सॅली’ ही छोटी जादूगार. एप्रिल १९७१त ‘कामेन रायडर’. ‘काँक्रीट रेव्होलुतिओ’तली पात्रे ही या सर्वांची ओळखू येणारी सावली आहेत. किक्को ही सॅलीची, बालभूत फुरोता क्यू-तारोचा, प्रकाशमय महाकाय योद्धा ग्रोस आउगेन हा अल्ट्रामॅनचा, मदतीची हाक ऐकून धावणारी यंत्रकन्या अर्थ-चान ही आतोमुची. सॅलीचे जनक मित्सुतेरु योकोयामा यांचे आणखी एक अपत्य आपल्याकडच्या एका पिढीच्या ओळखीचे आहे. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबोट’ दाखवला गेला, तो त्यांचाच. शेवटच्या भागात पृथ्वीसाठी स्वतःचा नाश ओढवून घेणारा तो यंत्रमानव पाहून रडलेली मुले आज पन्नाशीच्या आसपास आहेत. जपानी बालवीर निव्वळ करमणूक असत नाही, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. मुळातले वीर भोळे होते आणि त्यांना राजकारणाचा स्पर्श २०१५ साली झाला, असे समजणे चूक ठरेल. ‘अल्ट्रामॅन’मध्ये डिसेंबर १९६६ साली एक भाग दाखवला गेला, लेखक मामोरु सासाकी, दिग्दर्शक अकिओ जिस्सोजी. त्यातला राक्षस जमिला हा मुळात माणूस आहे. अंतराळात पाठवून देशाने वाऱ्यावर सोडलेला अंतराळवीर तो. सूड घेण्यासाठी परततो आणि अल्ट्रामॅन त्याला मारतो. या सासाकींनीच १९६८ साली नागिसा ओशिमा यांच्या ‘डेथ बाय हँगिंग’ या मृत्युदंडावरील चित्रपटाच्या पटकथेत भाग घेतला. त्याच १९६८त ‘अल्ट्रासेव्हन’मध्ये तेत्सुओ किंजो यांनी लिहिलेला एक भाग आला. त्यात समुद्रतळी राहणारे नोनमाल्त हे पृथ्वीचे मूळ रहिवासी आणि आपण मानव हे आक्रमक, अशी शक्यता पुढे येते, आणि तरीही मानव त्यांचे शहर उद्ध्वस्त करतात. किंजो ओकिनावाचे होते, आणि ओकिनावा १५ मे १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होते. संध्याकाळी सात वाजता, जेवणाच्या वेळी, मुलांच्या कार्यक्रमात हे प्रश्न विचारले जात होते.

तेव्हा ‘काँक्रीट रेव्होलुतिओ’ने संशय नव्याने आणला नाही. तो मुळातच होता. तिने केले ते असे : एकेका भागात एकेका वीरापुढे उभा राहून विझून जाणारा तो संशय तिने एकाच नकाशावर मांडला आणि त्याला तारखा दिल्या. दुसऱ्या भागाच्या शीर्षकातले ‘काळे धुके’ सेइचो मात्सुमोतो यांच्या १९६०च्या गाजलेल्या पुस्तकाकडे निर्देश करते. अमेरिकी ताब्याच्या काळातल्या गूढ घटनांमागचे हात शोधू पाहणारे ते पुस्तक. जपानी राजकारणातल्या झाकलेल्या व्यवहारांना ‘काळे धुके’ म्हणण्याची रीत त्यानंतर रुळली. चौथ्या-पाचव्या भागांचे शीर्षक तर सरळ ‘जपानी कायजूंचा इतिहास’ असे आहे, जणू एखाद्या विद्यापीठीय ग्रंथाचे. ज्यांनी अशा पुस्तकांची पाने उलटली आहेत त्यांना या शीर्षकांतला मिश्कीलपणा आवडेल. ज्यांनी नाहीत, त्यांच्यासाठी मालिका थांबत नाही.

४

या तारखांतली सर्वांत जड तारीख शिन्का ४३ची आहे. पहिल्या पर्वाचा शेवट शिन्जुकु स्थानकाभोवती घडतो. विद्यार्थी रस्त्यावर आहेत, अतिमानव दोन्ही बाजूंना आहेत, आणि मुखवट्याआडचा क्लॉद सरकारने दडवलेल्या गोष्टी चव्हाट्यावर आणून तरुणांना पेटवतो आहे. शिन्का ४३ म्हणजे १९६८. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला, आंतरराष्ट्रीय युद्धविरोधी दिनी, खऱ्या शिन्जुकु स्थानकात हजारो विद्यार्थी घुसले. व्हिएतनाममध्ये बाँब टाकणाऱ्या अमेरिकी विमानांचे इंधन त्या स्थानकातून रेल्वेने नेले जात होते. ऑगस्ट १९६७त असेच इंधन नेणाऱ्या मालगाडीचा तिथे स्फोटही झाला होता. २१ ऑक्टोबरच्या रात्री गाड्या बंद पडल्या, आगी लागल्या, आणि पोलिसांनी दंगलीचे कठोर कलम लावून शेकडो लोकांना अटक केली. जानेवारी १९६९त टोकियो विद्यापीठाच्या यासुदा सभागृहाचा वेढा मोडला गेला. त्यानंतर ती चळवळ लहान, कडव्या आणि परस्परांवर उलटणाऱ्या गटांत फुटत गेली. १९७१–७२च्या हिवाळ्यात डोंगरातल्या तळांवर संयुक्त लाल सेनेने आपल्याच १२ साथीदारांचे बळी घेतले, आणि पाठोपाठ फेब्रुवारी १९७२मधला आसामा-सान्सोचा वेढा देशाने दूरचित्रवाणीवर थेट पाहिला.

हा इतिहास आणि चित्रकथांतले वीर यांचा संबंध मालिकेने ओढूनताणून जोडलेला नाही. ते नाते त्या काळातच होते. एका हाती गंभीर राजकीय साप्ताहिक आणि दुसऱ्या हाती मुलांचे चित्रकथा-साप्ताहिक, असे त्या विद्यार्थ्यांचे वर्णन तेव्हा केले जाई. ‘आशिता नो जो’ या मुष्टियुद्धाच्या चित्रकथेतल्या रिकिइशी या पात्राचा मृत्यू झाला, तेव्हा कवी-नाटककार शुजी तेरायामा यांच्या पुढाकाराने २४ मार्च १९७० रोजी प्रकाशकाच्या कार्यालयात त्याचा अंत्यविधी झाला आणि सुमारे ७०० लोक आले. न जन्मलेल्या माणसाची ही उत्तरक्रिया. त्यानंतर आठवडाभराने, ३१ मार्चला, लाल सेनेच्या नऊ जणांनी जपान एअरलाइन्सचे विमान पळवून उत्तर कोरियाला नेले, आणि त्यांच्या निवेदनात ते स्वतःला त्याच चित्रकथेचा नायक ‘जो’ म्हणवून गेले.

कावाउचींच्या त्या नम्र शब्दप्रयोगाचे काय झाले, ते इथे दिसते. पोलीस स्वतःला न्यायाचा साथी मानत होते, विद्यार्थीही मानत होते, आणि डोंगरातल्या तळावर मित्राचा जीव घेणारेही. साथी होता होता माणूस न्यायाचा मालक होतो. जिरोची शोकांतिका हीच आहे. लहानपणी त्याने ज्याला देव मानले तो वीर, रेनबो नाइट, मुलांचे अपहरण केल्याचा कलंक कपाळी घेऊन मेला. त्याचे खरे स्वरूप काय, ही विचारणा जिरोला सरकारी विभागात आणते आणि तीच त्याला विभागाबाहेर नेते. ‘प्रत्येक अतिमानवाला वाचवायचे’ ही त्याची प्रतिज्ञा सुंदर आहे, पण दोन अतिमानव समोरासमोर आले की ती निरर्थक होते. आणि ते प्रत्येक भागात समोरासमोर येतात.

एक तपशील आम्हांला निर्णायक वाटतो. आइकावा यांचा जन्म १९६५चा, मिझुशिमांचा १९६६चा. शिन्जुकु पेटले तेव्हा हे दोघे दोन-तीन वर्षांचे होते. ही मालिका त्या रस्त्यावर असलेल्यांची आठवण नाही. वीर त्यांना मिळाले ते पुनःप्रसारणांतून आणि ‘कामेन रायडर’च्या पिढीतून, चळवळ मिळाली ती मोठ्यांच्या बोलण्यातून, मोठ्यांच्या गप्प बसण्यातून आणि जुन्या बातमीपटांतून. आइकावांनी पुढे स्वतः ‘कामेन रायडर’ मालिकेच्या नव्या पर्वांसाठी लेखन केले. म्हणजे वारसा चालवणाऱ्यांतले ते एक. उशिरा जन्मलेल्याला इतिहास असाच मिळतो : क्रमाने मिळत नाही. आधी परिणाम दिसतात, मग कधीतरी कारण कळते. घरातला एखादा काका दुसऱ्या काकाशी बोलत नाही हे मुलाला आधी माहीत असते. भांडण कशावरून झाले ते वीस वर्षांनी समजते. शिन्का ४६मधला वैरभाव आधी आणि शिन्का ४३मधला तडा नंतर, ही मालिकेची रचना त्या अनुभवाशी इमान राखते.

म्हणून कालक्रमाचा गोंधळ हा आम्ही अनित्यदोष मानतो. रंजक साहसकथेत तो दोष आहे. वारशाने मिळालेल्या, अर्धवट कळलेल्या इतिहासाच्या कथेत तो तिचा योग्य आकार आहे. सरळ क्रम लावला असता तर प्रत्येक घटना आधीच्या घटनेचे अटळ फळ वाटली असती, आणि अटळपणात एक छुपे सांत्वन असते. शिवाय त्या काळाविषयीची गोड स्मरणरंजकता, जिच्यावर शोवाकालीन टोकियोचे कितीतरी चित्रपट पोसले गेले, ती या रचनेत टिकूच शकत नाही. रंग झगझगीत आहेत, छपाईतल्या ठिपक्यांची आठवण करून देणारे आहेत. पण प्रत्येक उजळ दृश्याच्या डोक्यावर ती कोरडी तारीख आहे, आणि पुढे काय वाढून ठेवले आहे ते आपण पाहून आलेलो असतो.

संदर्भांच्या दाटीविषयीही आम्ही काहीसे असेच म्हणू. एकेका भागात दोन-तीन नवे अतिमानव येतात, त्यांच्यासाठी शोक करायला वेळ मिळत नाही. पण दुसऱ्या पर्वातल्या एका भागाचे लेखन मासाकी त्सुजी यांच्याकडे सोपवले गेले हे कळले, की या दाटीकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. १९३२त जन्मलेले त्सुजी हे १९६३च्या ‘आतोमु’चे एक पटकथाकार. ज्याचा इतिहास सांगायचा त्यालाच त्या इतिहासात एक प्रकरण लिहायला बोलावणे, हे कृतज्ञतेचे आणि धाडसाचेही लक्षण आहे.

५

आता नित्यदोषांविषयी. ते टाळून केलेला गौरव हा गौरवच नव्हे.

पहिला दोष स्त्रीपात्रांचा. किक्को ही मालिकेतली सर्वांत शक्तिमान व्यक्तींपैकी एक; जादूच्या राज्याची वारस. तिच्या निर्णयांना स्वतःचे वजन असायला हवे होते. पण तिच्या बहुतेक हालचाली जिरोवरच्या प्रेमाभोवती फिरतात, आणि योकाइ कुळातली एमी ही तिची प्रतिस्पर्धी म्हणून उभी केली जाते. न्याय, स्वातंत्र्य, शांतता या शब्दांवर अखंड चर्चा करणाऱ्या कथेत दोन समर्थ स्त्रियांना एका पुरुषाच्या दोन बाजूंना उभे करणे, ही कल्पनाशक्तीची हार आहे. १५ जून १९६० रोजी अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा करारविरोधी निदर्शनांत, जपानी संसदेच्या आवारात, टोकियो विद्यापीठाची विद्यार्थिनी मिचिको कांबा मारली गेली, आणि त्या साऱ्या दशकावर तिची छाया राहिली. तो इतिहास पायाशी असताना मालिकेने स्त्रीला राजकीय कर्ती म्हणून इतके कमी पाहावे, याचे समर्थन कोणत्याही रचनातत्त्वाने होत नाही.

दुसरा दोष उत्तरार्धातला. पहिल्या पर्वात प्रश्न घटनांमधून उभे राहतात. दुसऱ्यात पात्रे ते बोलून दाखवू लागतात. युद्ध थांबते आणि वाद सुरू होतो; वाद संपतो आणि युद्ध पुन्हा सुरू होते. दोन्ही एकमेकांत मुरत नाहीत. जे धुके सर्वत्र पसरलेले होते, ज्यात सरकार, उद्योग, सैन्य, अमेरिका आणि आपल्या नायकांचा स्वतःचा विभागही सामील होता, ते अखेरीस पुष्कळसे एका माणसाच्या कारस्थानात गोळा होते. सातोमी हे त्याचे नाव. खलनायक सापडला की व्यवस्था निर्दोष सुटते. मालिकेने १५–१६ भागांत कष्टाने मिळवलेली गुंतागुंत इथे हातची गेली, असे खेदाने म्हणावे लागते.

तिसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. जिरोच्या देहात दडलेल्या विध्वंसक शक्तीचे मूळ युद्धाच्या अखेरीस पडलेल्या बाँबशी जोडलेले आहे. प्रतीक म्हणून हे प्रभावी आहे, आणि १९५४च्या ‘गोजिरा’पासून चालत आलेल्या परंपरेला धरून आहे. पण त्यामुळे जपानचा इतिहास ज्याच्यावर आघात झाला त्याचा इतिहास बनतो. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या ‘बेहेइरेन’ चळवळीचे एक संस्थापक, लेखक माकोतो ओदा, यांनी १९६०च्या दशकातच बजावले होते की, सामान्य जपानी माणूस हा राज्यसंस्थेचा बळी असतानाच दुसऱ्यांवर घाव घालणाराही ठरतो. शिन्जुकुच्या रुळांवर उतरलेल्या अनेकांच्या मनात हाच विचार होता : ते इंधन आपल्याच स्थानकातून जाते. मालिका या विचाराच्या अगदी जवळ येते. पण नायकाचे दुःख तिला इतके प्रिय होते की, घाव घालणारा हात ती बहुधा कुणा दुसऱ्याचा दाखवते.

६

तरीही आम्ही या मालिकेकडे परत का वळतो? कारण शेवटी ती जो प्रश्न विचारते तो आपल्यासारख्या, कथा-कादंबऱ्या शिकवून आणि शिकून जगणाऱ्यांना टाळता येण्याजोगा नाही.

सातोमीला हवे आहे ते अतिमानवांशिवायचे जग. तो विजयी झाला तर काय होईल? वीर फक्त पडद्यावर आणि पुस्तकांत उरतील. मुले त्यांना पाहतील, मोठी होतील आणि विसरतील. म्हणजे ते जग आपलेच. आपण ज्या जगात बसून ही मालिका पाहतो ते तिच्या खलनायकाचे स्वप्न आहे. ज्या योजनेला आम्ही वर रचनेतला दोष म्हटले, तिच्याच पोटात ही कल्पना आहे, आणि ती मालिकेतली सर्वांत तीक्ष्ण कल्पना आहे. दोष आणि गुण असे एकमेकांना चिकटलेले असले की समीक्षकाने चाकू जपून चालवावा.

‘गेन्सो’ म्हणजे कल्पना, भास, मायाही. उपशीर्षकात हा शब्द ‘अतिमानवा’ला जोडलेला आहे. ‘वीर ही नुसती कल्पना आहे’ हे वाक्य मालिका दोन तऱ्हांनी उच्चारू देते. एकात सुटकेचा निःश्वास आहे : बरे झाले, कल्पनाच ती, कुणी तिच्यासाठी विमान पळवणार नाही, कुणी डोंगरात मित्राला मारणार नाही. दुसऱ्यात हळहळ आहे : कल्पनाच ती, म्हणून हाक मारली तरी कुणी धावून येणार नाही. १९७२नंतरच्या जपानने पहिला उच्चार स्वीकारला, आणि त्याला कारणेही तशीच भयंकर होती. आइकावा आणि मिझुशिमा यांची पिढी त्या शांततेत वाढली.

२०१५च्या सप्टेंबरात जपानी संसदेसमोर पुन्हा हजारो लोक जमले होते, त्यांत विद्यार्थीही पुष्कळ होते. देशाबाहेर सैन्याची भूमिका वाढवणारी सुरक्षा विधेयके १९ सप्टेंबरच्या पहाटे संमत झाली. ऑक्टोबरच्या आरंभी ‘काँक्रीट रेव्होलुतिओ’चा पहिला भाग प्रसारित झाला. मालिकेची आखणी अर्थातच त्याआधीची. तिने त्या दिवसांवर भाष्य केले असे म्हणणे योग्य होणार नाही. पण त्या शरद ऋतूत ती पाहणाऱ्या विशीतल्या प्रेक्षकाला शिन्का ४३चा शिन्जुकु केवळ आजोबांचा शिन्जुकु वाटला नसावा.

आपल्या वर्गांत आपण ऐतिहासिक कादंबरी शिकवतो तेव्हा प्रश्न बहुधा असा असतो, की लेखकाने इतिहासाशी किती इमान राखले. ही मालिका त्या प्रश्नाची दुसरी बाजू पुढे करते. एका पिढीने ज्या कल्पित कथा जगून पाहिल्या, त्या कथा वगळून त्या पिढीचा इतिहास लिहिता येतो का? ७०० माणसे एका कल्पित मुष्टियोद्ध्याच्या अंत्यविधीला जातात, ही घटना इतिहासाच्या पुस्तकात घालायची की वाङ्मयाच्या? ‘काँक्रीट रेव्होलुतिओ’ने दोन्ही पुस्तके एकत्र बांधली. पाने मागेपुढे झाली, काही जागी शिवण उसवली, काही पाने भलत्याच प्रकरणात गेली. पण हे दोन ग्रंथ एकाच बांधणीत असायला हवे होते, हे तिच्याइतक्या हट्टाने क्वचितच कुणी सांगितले असेल. त्या हट्टासाठी तिचे अनित्यदोष आम्ही आनंदाने सोसतो, आणि नित्यदोषांचा राग येऊनही तिच्या २४ भागांकडे अधूनमधून परत जातो, कागद-पेन्सिल घेऊन.